इंजिनियर बूट: तुलना, जुने जोड पारखणे आणि पावसाळ्यात जगवणे

रापी

मोटारसायकलींच्या धाग्यात बुटांनीच जास्त जागा खाल्ली, म्हणून ही वेगळी चूल. विषय एकच, इंजिनियर बूट: लेस नाही, चेन नाही, अर्ध्या पोटरीपर्यंत जाणारी सरळसोट नळी, नळीच्या तोंडाशी बाहेरच्या अंगाला एक पट्टा आणि घोट्यापुढे पावलावर दुसरा.

नावावरून साइटवर हेल्मेट घालून फिरणारा इंजिनियर डोळ्यांसमोर आणू नका. अमेरिकेत रेल्वेचं इंजिन हाकणाराही इंजिनियरच. निखारा उडाला तर अडकायला लेस नाही आणि बूट एका झटक्यात पायातून निघतो, हा या घडणीचा मोठा गुण. विस्कॉन्सिनच्या चिप्पेवा कंपनीने (स्थापना १९०१) १९३७च्या सुमारास आणि ओरेगॉनच्या वेस्कोने (१९१८) १९३९मध्ये हा प्रकार बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धात पोर्टलंडच्या गोद्यांमधल्या वेल्डरांच्या पायात वेस्को आले, युद्धानंतर मोटारसायकलवाल्यांनी हे बूट उचलले. मिनेसोटातली रेड विंग १९०५ची. तिचा २२६८ हा जोड आज जुन्या बाजारात पावलोपावली दिसतो.

आता मुद्द्याचं. तुलना करताना लोक कंपनी, कातडं, बक्कल, तळ या क्रमाने जातात आणि फर्म्याचा, म्हणजे बूट ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर बेततात त्याचा, विचार शेवटी, तोही जमला तर. क्रम उलटा हवा. लेसच्या बुटात फर्मा थोडा चुकला तरी लेस आवळून निभावतं. इथे आवळायला काही नाही. पावलावर पट्टा आहे की, असं कोणी म्हणेल. पण तो दोन-सव्वादोन मिलीमीटर जाड कातड्याच्या वरून जातो. तो करकचून ओढला तरी पाऊल धरलं जात नाही, कातड्याला खोबण तेवढी पडते. मग चालताना घडीही त्याच खोबणीत पडत राहते आणि काही वर्षांत तिथे चीर जाते. पट्टा बोट जेमतेम सरकेल इतकाच ठेवायचा. तो पकड देण्यासाठी नाहीच, असं धरून चाला.

पाऊल धरलं जातं ते तीन जागी: घोट्याच्या वळणावर नळी जिथे बुटाला मिळते तो गळा, इनस्टेप म्हणजे पावलाचा वरचा उंचवटा, आणि टाचेमागचं कडक काउंटर. पाय घालताना गळ्यात क्षणभर अडकला आणि मग टप्पकन टाच खाली बसली, तर फर्मा जुळला. गमबुटात जातो तसा पाय सरळ आत गेला तर बूट मोठा, मग बोटं पुढे टेकत असली तरी. गळा फारच घट्ट वाटला तर मोज्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पाय घाला आणि आत गेल्यावर बुटाने पाऊल कसं धरलंय ते बघा. आत जाताना त्रास आणि आत गेल्यावर आराम, हे चांगलं लक्षण.

नव्या बुटात टाच उचलली जाणारच, कारण तळ अजून वाकत नाही. सहा ते दहा मिलीमीटर उचल चालते. वीस-पंचवीस वापरांत तळ चवड्यापाशी वाकायला लागला की ती तीन-चारवर येते. इनस्टेप मात्र नव्यातच सैल असेल तर पुढे आणखी सैल होणार. इनसोलखालचा कॉर्कचा थर भाराने दबतो, पाऊल खाली जातं आणि वरची पोकळी वाढते. तीन मिलीमीटरचा फेल्टचा किंवा चामडी इनसोल टाकून बघा. त्यानेही भागलं नाही तर जोड विकून मोकळे व्हा.

कंपन्यांबद्दल थोडक्यात. रेड विंग २२६८ म्हणजे गुडइयर वेल्ट (कडेच्या पट्टीला, म्हणजे वेल्टला, तळ शिवायची पद्धत), पुढे बोटांवर लोखंडी टोपी, ११ इंची नळी, कॉर्क मिसळलेल्या नायट्राइल रबराचा सपाट तळ. साधा, टणक, दुरुस्तीला सोपा. चिप्पेवा १९८४ला जस्टिनकडे गेली आणि २०००पासून त्या समूहासकट बर्कशायर हॅथवेकडे आहे, तेव्हा जुना चिप्पेवा आणि आजचा चिप्पेवा हे दोन वेगळे बूट समजून तोला. वेस्कोचा 'बॉस' हा जोड मागणीनुसार बनतो: नळीची उंची, कातडं, तळ, टाच, रुंदी सगळं निवडता येतं, डाव्या-उजव्या पायाला वेगळा नंबरही मिळतो, आणि वर्षांनी तोच जोड कारखान्यात पाठवून नव्याने बांधून घेता येतो. जड आहे, पण तिन्हींत माझं मत बॉसला. जपानमधल्या मंडळींत टोकियोच्या ब्रास या दुरुस्तीच्या दुकानाचा क्लिंच आणि जॉन लॉफग्रेन यांचं काम अव्वल. फक्त किंमत बघताना बसून घ्या.

धोपटमार्गी

वाखुसा (वाचनखूण साठवली). नंबराचा घोळ सोडवा राव. पायाची लांबी २६.२ सेंमी, इथल्या दुकानात आठ नंबर लागतो, चवडा रुंद. अमेरिकन कितीचा बघू? आणि 'डी', 'ई' ही काय भानगड?

रापी

@धोपटमार्गी, अमेरिकन पुरुषी नंबर काढायचं गणित सोपं आहे. पायाची लांबी इंचांत घ्या, तिला ३ने गुणा, २२ वजा करा. २६.२ सेंमी म्हणजे १०.३१ इंच. गुणाकार ३०.९, वजाबाकी ८.९. तुमचा नंबर ९. तिकडच्या दुकानांत ब्रॅनॉकचं धातूचं माप वापरतात, हे त्याचंच गणित.

माप संध्याकाळी घ्या, उभं राहून, दोन्ही पायांचं. टाच भिंतीला टेकवा, कागदावर पेन्सिल अगदी उभी धरा. तिरकी धरली तर चार-पाच मिलीमीटरची चूक सहज होते, आणि अर्धा नंबर म्हणजे ४.२ मिलीमीटरच. दुसरं माप टाचेपासून अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या हाडापर्यंत. दोघांची लांबी सारखी असली तरी हे माप वेगळं असू शकतं, आणि बूट वाकतो तो याच जागी. इथे चुकलं तर घडी बोटांवर पडते आणि करंगळी सोलते.

डी म्हणजे नेहमीची रुंदी, ई त्याहून रुंद, दोन ई आणखी रुंद. एका पायरीत साधारण पावणेपाच मिलीमीटरचा फरक. रुंद पायाची माणसं हमखास चुकतात ती इथे: डीमध्ये चवडा आवळतो म्हणून अर्धा-एक नंबर मोठा घेतात. लांबी वाढते, गळा आणि इनस्टेपही सैल होतात, चवडा मात्र आवळलेलाच राहतो. लांबी तीच ठेवा आणि अक्षर वाढवा. रेड विंग बरेच जण ब्रॅनॉकच्या अर्धा नंबर खाली घेतात. तुम्ही साडेआठ ई आणि ९ डी दोन्ही घालून बघा, आणि लोखंडी टोपीचा असेल तर करंगळीची बाजू नीट तपासा. टोपी ताणत नाही. कातडं आज ना उद्या सैलावेल, लोखंड नाही.

मिनेसोटाकर

रापीसाहेब, धागा छान. जुन्या जोडांबद्दल इकडून भर घालतो, कारण थ्रिफ्ट म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि ऑनलाइन लिलावांत २२६८बद्दल वाट्टेल ते लिहिलेलं असतं.

नळीच्या आत शिवलेलं लेबल बघा. लोखंडी टोपीचा बूट असल्याने त्यावर अमेरिकी सुरक्षा मानकाचा क्रमांक असतो आणि वयाचा अंदाज त्यावरूनच लागतो. 'एएनएसआय झेड४१ पीटी८३' म्हणजे १९८३चं मानक, पीटी९१ म्हणजे १९९१चं, पीटी९९ म्हणजे १९९९चं. २००५ला झेड४१ची जागा एएसटीएम एफ२४१३ने घेतली, तेव्हा लेबलावर एफ२४१३ दिसलं की जोड त्यानंतरचा. त्यापुढचे ०५, ११, १८ हे अंक त्या मानकाच्या आवृत्तीचं वर्ष.

गोम अशी की हे मानकाचं वर्ष आहे, बूट शिवल्याचं नाही. पीटी९१ लिहिलेला जोड १९९१च्या आधीचा नसतो, पण १९९७चा असू शकतो. विक्रेता पीटी८३ बघून छातीठोकपणे '१९८३चा बूट' लिहितो, त्याला भुलू नका. खालच्या ओळीत 'एमआय/७५ सी/७५' असतं. एम म्हणजे पुरुषी, आय/७५ म्हणजे ७५ फूट-पाउंडांचा आघात (सुमारे १०२ ज्यूल), सी/७५ म्हणजे २५०० पाउंडांचा दाब (सुमारे ११३० किलो) टोपीने सोसायचा. तारखेसाठी ही ओळ कुचकामी. साध्या टोकाच्या, टोपी नसलेल्या जोडांवर हा मजकूर नसतोच, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही.

तळ आणि टाच बघून वय ठरवू नका. चाळीस वर्षांच्या जोडाला कालची टाच आणि कालच्या जोडाला जुन्या साठ्यातली टाच, दोन्ही शक्य आहे. बक्कलही बदललेलं असतं. लेबल काढून टाकलं असेल तर निदान त्याच्या शिवणीची भोकं जागेवर दिसली पाहिजेत. ती नसतील तर २२६८ असल्याचा दावा नुसत्या तोंडावर मानू नका.

विक्रेत्याकडून हे फोटो मागून घ्या: लेबल, दोन्ही तळ, वेल्ट चारही बाजूंनी, चवड्यावरच्या घड्या जवळून, टाचेमागची शिवण, इनसोल, आणि पट्ट्याची भोकं. शेवटचा फोटो लोक मागतच नाहीत. तो का, ते इथल्या चामड्याच्या जाणकारांनी सांगावं.

हिरडा_बाभूळ

सांगतो. पट्ट्याचं भोक म्हणजे कातड्याचा आडवा छेद, आणि तो फुकटात बघायला मिळतो. काळ्या बुटाच्या भोकाची कड आतून तपकिरी दिसली तर कातडं आधी तपकिरी रंगवून वरून काळा थर दिलेला आहे. संग्राहक याला टी-कोअर म्हणतात. जपानीत 'चाशिन', अर्थ तोच, चहाच्या रंगाचा गाभा. असा बूट वापरात टोकाला, टाचेला आणि घड्यांच्या माथ्यावर झिजून तपकिरी उजळतो. ड्रमात आरपार रंगलेलं कातडं कडेलाही काळंच असतं आणि दहा वर्षं घासलं तरी काळंच राहतं. रेड विंगमध्ये ९२६८ या क्रमांकाचं ब्लॅक क्लॉन्डाइक पहिल्या प्रकारातलं. म्हणून काळा बूट तपकिरी पडलाय ही तक्रार करण्याआधी भोक बघा. आणि काळं पॉलिश चोपडून तो तपकिरी झाकू नका, त्याचेच तर पैसे मोजलेत.

कातड्यांत फरक काय? शिकागोच्या हॉरवीनचं क्रोमेक्सेल आधी क्रोमने आणि मग वनस्पतींनी कमावलेलं, गरम तेल-मेण जिरवलेलं. वाकवलं की रंग फिका पडतो, चोळलं की परत येतो. ओरखडा अंगठ्याने मोडतो, पण सैल भागातलं असेल तर घड्या जाड आणि फुगीर पडतात. घोड्याचं कातडं पातळ असूनही तंतूंनी घट्ट, त्यावर बारीक लहरींसारख्या घड्या पडतात. हिमेजीची शिंकी ही टॅनरी वनस्पतींनी कमावलेल्या घोड्याच्या कातड्यासाठी नावाजलेली. ते सुरुवातीला पत्र्यासारखं ताठ असतं आणि पहिले दोन आठवडे घोट्याला चांगलंच चावतं. आपल्या कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, तोच जातकुळीचा प्रकार.

जाडीचा हिशेब: अमेरिकन लोक औंसांत बोलतात, एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, ०.४ मिलीमीटर. पाच-सहा औंस म्हणजे २ ते २.४ मिलीमीटर. या बुटाला तेवढं पुरतं. जास्त जाड म्हणजे जास्त चांगलं हा भ्रम आहे. तीन मिलीमीटरचं कातडं चवड्यावर दोन-तीनच खोल घड्या घालतं आणि पुढे तिथेच फाटतं.

कंदी_पेढा

संग्रहाच्या बाजूने थोडं उलटं बोलतो. लोखंडी टोपीच्या जोडांचं कौतुक जरा कमी करा. टोपीची मागची कड हा या बुटाचा कायमचा कच्चा दुवा आहे. चालताना घडी त्या कडेशी येऊन थांबते, आतून लोखंड आणि बाहेरून वाकणं, मधलं कातडं कात्रीत सापडतं. आधी अस्तर फाटतं, घाम आत जातो, टोपी गंजते, गंज फुगतो आणि बाहेरून कडेची रेघ उमटायला लागते. जुना जोड हातात आला की पहिल्यांदा आत बोटं घालून ही कड चाचपा. अस्तर फाटून धातू लागला तर भाव निम्म्यावर आणा.

बाकी तपासणी अशी. बूट हलकेच वाकवा. घडीत रंग बदलला तर ठीक, पृष्ठभागावर वाळक्या चिखलासारखं भेगांचं जाळं दिसलं तर कातडं मेलंय. तेल पाजून मऊ होईल, जिवंत होणार नाही. वनस्पतींनी कमावलेल्या फार जुन्या कातड्यावर बोट फिरवून लालसर भुकटी लागली तर लांबूनच नमस्कार. तळ वाकवताना मधूनच टक्क आवाज आला तर कमानीतली लोखंडी पट्टी, म्हणजे शँक, सैल झालीय किंवा तुटलीय. हे दुरुस्त होतं, पण तळ पूर्ण उघडावा लागतो. टाचेमागचं काउंटर दोन बोटांत दाबा. ते पिठल्यासारखं मऊ लागलं तर बूट टाच धरणार नाही, आणि काउंटर बदलणं म्हणजे बूट अर्धा उसवणं.

डावीकडच्या बुटाच्या टोकावर आडवा घासलेला पट्टा दिसला तर तो गिअरच्या दांड्याचा. ती झीज आहे, दोष नाही. आपल्याकडच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्याच्या जोडात हाच पट्टा उजव्या बुटावर दिसेल, तिचा गिअर उजवीकडे.

आडकित्ता

माझा पाय २४ सेंमी. रापीकाकांच्या गणिताने नंबर येतो ६.३. पुरुषी जोड इतके लहान क्वचितच मिळतात. इथेच करून घ्यायचे झाले तर कारागिराला नेमकं काय सांगायचं? 'सेम टू सेम बना दूंगा मॅडम' हे उत्तर नको आहे.

हिरडा_बाभूळ

आडकित्ताताई, 'सेम टू सेम' ऐकलं की पहिला प्रश्न विचारा: फर्मा कुठला? आग्रा, कानपूर, आंबूर, राणीपेठ इथे हात चांगले आहेत, कातडंही आहे. अडतं फर्म्यापाशी. बहुतेक ठिकाणी घोट्यापर्यंतच्या बुटाचा किंवा गमबुटाचा फर्मा घेऊन वर नळी लावून देतात. मग गळा ढगळ होतो आणि ते झाकायला आतल्या बाजूला चेन बसवतात. चेन सुचवली की समजा, गळ्याचं माप घेतलेलं नाही.

कागदावर लिहून द्यायच्या गोष्टी:

पायाची लांबी, चवड्याचा घेर, इनस्टेपचा घेर, टाचेच्या खालच्या टोकापासून वळून इनस्टेपवरून येणारा तिरका घेर (गळा यावरून ठरतो), आणि जमिनीपासून २५ सेंमी उंचीवर पोटरीचा घेर, जीन्स घालून. नळी पोटरीहून तीन-चार सेंमी सैल ठेवा. उंची पुरुषी ११ इंचांची जशीच्या तशी घेऊ नका, लहान पायाला ९-१० इंच शोभतात.

वरचं कातडं २ ते २.२ मिलीमीटर, पृष्ठभाग न घासलेलं, पाठीच्या भागातलं. म्हशीचं मिळेल, चालेल, दाणा थोडा भरड दिसतो एवढंच. पोटाकडचं मात्र नको, ते सैल असतं आणि सहा महिन्यांत फुगे धरतं. इनसोल चार मिलीमीटरचा अख्ख्या चामड्याचा. इथे पुठ्ठा घालायची फार सवय आहे, आणि घामाने पुठ्ठा चुरला की वेल्टची शिवण धरायला काही उरत नाही. काउंटर चामड्याचं, अडीच-तीन मिलीमीटर. शँक लोखंडी. पट्टे दुहेरी, बक्कल रोलरचं, कारण रोलर नसलेलं बक्कल पट्टा खरवडतं. दोन्ही बक्कलं बाहेरच्या अंगाला. हे आवर्जून लिहा, नाहीतर दोन्ही बूट एकाच दिशेचे होऊन येतात.

पहिल्यांदा स्वस्त कातड्यात एक नमुना जोड करून घ्या. त्यात गळा आणि इनस्टेप तपासा. मग चांगलं कातडं कापू द्या.

धोपटमार्गी

दंडवत. आणि तळ झिजल्यावर? कोपऱ्यावरच्या चांभारकाकांना देऊ का?

रापी

देऊ शकता, पण काय करू नये हे आधी सांगून. गुडइयर वेल्टमध्ये वेल्टची पट्टी एका शिवणीने इनसोलला आणि दुसऱ्या शिवणीने तळाला जोडलेली असते. तळ काढताना फक्त दुसरी शिवण उसवायची. रापीने, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराने, तळ ओरबाडून काढला की वेल्टही कापली जाते, आणि मग छोटं काम मोठं होतं.

चुका ठोकून तळ बसवू देऊ नका. टाचेला चुका चालतात, चवड्याला नाहीत. वाकताना त्या सैल होतात, इनसोलमधून वर येतात आणि त्या भोकांतून पाणी शिरतं. नुसतं चिकटवूनही भागत नाही, कारण तेलकट मिडसोलवर (मधल्या तळावर) सोल्यूशन धरत नाही. आधी ६०-८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग खरवडायचे, भुकटी झाडायची, रबरी सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा हात, तोही बोटाला लागेनासा झाला की जोडून ठोकायचं आणि चोवीस तास वजनाखाली ठेवायचं. वर शिवण हवीच: आरीने, वेल्टच्या जुन्याच भोकांतून, मेण लावलेला एक मिलीमीटरचा दोरा, टाके तीन-चार मिलीमीटरचे. नवी भोकं पाडली तर वेल्टची पट्टी तिकिटासारखी फाटते.

तळ उघडलेला असतानाच कॉर्क बघा. दबून खड्डा पडला असेल तर भुगा आणि लॅटेक्स कालवून पातळी सारखी करून घ्या. शँकही तेव्हाच. टाच झिजून पाच-सहा मिलीमीटर खाली गेली की लगेच बदला, वाट बघू नका. तिरकी टाच काउंटर वाकडं करते.

संग्रहातल्या जोडाचा मूळ तळ जपायचा की बदलायचा, यावर वाद होतात. माझं मत, दगडासारखा कडक झालेला तळ जपण्यात अर्थ नाही. तो वाकत नाही, म्हणून वरचं कातडं आणि वेल्टची शिवण ताण खातात. कपाटात ठेवायचा असेल तर ठेवा, घालायचा असेल तर बदला.

देवगडी

कोकणातून प्रश्न. पावसाळ्यात बुटांवर पांढरं येतं. पुसलं की जातं, आठ दिवसांनी परत. खोबरेल तेल लावून ठेवावं का?

हिरडा_बाभूळ

खोबरेल नको! २४-२५ अंशांखाली ते थिजतं, कातड्यात पांढरट डाग धरतं, जास्त झालं तर नळी लोळागोळा होते. इंजिनियर बुटाची नळी स्वतःच्या ताठपणावर उभी असते, तिला तेल पाजून मऊ करणं म्हणजे तिचा कणाच काढणं.

आधी पांढरं म्हणजे काय ते ठरवा. क्रोमेक्सेलसारख्या तेलकट कातड्यातली चरबी आणि मेण थंडाव्यात वर येऊन बसतं, त्याची साय दिसते. बुरशीही पांढरी दिसते. हेअर ड्रायर एक वीत लांबून दहा सेकंद धरा. विरघळून नाहीसं झालं तर चरबी, फडक्याने चोळून परत जिरवा. तसंच राहिलं, केसाळ दिसलं, कुबट वास आला, तर बुरशी.

बुरशी घराबाहेर, कोरड्या ब्रशने झाडा, आत झाडली तर शेजारच्या जोडांवर बसते. ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याला लावून पुसा, बुटावर ओतू नका, आधी आतल्या बाजूला रंग सुटतो का बघा. मग सावलीत, पंख्याखाली दोन दिवस. उन्हात नाही. वाळल्यावर चामड्याचं कंडिशनर, एका बुटाला चहाचा एक चमचा, त्याहून जास्त नाही.

हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर गेली की बुरशीला निमंत्रणच, आणि जुलैत तुमच्याकडे ती ८५च्या पुढे असते. म्हणून पुठ्ठ्याचा खोका नको, तो ओल धरतो. प्लॅस्टिकची पिशवी त्याहून वाईट. उघड्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं पुढे, सुती पिशवीत. नळीत जुन्या मासिकाची गुंडाळी घालून ती उभी ठेवा, नाहीतर घोट्यापाशी कायमची घडी बसते. जोडीमागे १०० ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलणारं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीला त्यांनी काही होत नाही.

देवगडी

ड्रायरने गेलं. म्हणजे चरबीच. पण बक्कलाच्या मागे हिरवट मेणासारखा थर आहे, आणि डाव्या बुटाच्या आत टाचेपाशी करडे ठिपके आहेत. ते ड्रायरने गेले नाहीत.

हिरडा_बाभूळ

हिरवट म्हणजे बक्कल पितळी असणार. पितळातलं तांबं आणि कातड्यातली चरबी यांचा तो साबण. दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटने काढा. पट्टा बक्कलातून मोकळा करून काढा, नाहीतर पट्ट्याखालचं राहतं. पावसाळाभर पट्टे सैलच ठेवा.

आतले ठिपके बुरशी. वरचा इनसोल सुटा असेल तर उचला आणि त्याच्या खालीही बघा, तिथे जास्त असते. उजव्या बुटातही बघा.